चित्र दाखवा आणि थांबा

रविवार, १९ जानेवारी २०२५

मी सांगते आणि मोना लिहिते. मोना म्हणजे माझी सून, आजऱ्याची, बी.कॉम. झालेली. मला अक्षर येत नाही. लहानपणी गावात शाळा होती, पण ती ओढ्याच्या अलीकडं आणि आमच्या म्हशी पलीकडं. मी म्हशींच्या बाजूची. मी 'हाय' म्हणते तिथं मोना 'आहे' लिहिते, हे मला ती पुन्हा वाचून दाखवते तेव्हा कळतं. लिहू दे. तेवढीच शहाणी दिसेन.

हे लिहायचं खूळ वाचनालयातल्या अर्शीचं. आमच्या बावड्यातल्या वाचनालयात आता दर शनिवारी दुपारी बारक्या पोरांसाठी गोष्टींचा तास असतो. पोरानं एकटं यायचं नाही. घरातलं मोठं माणूस बरोबर पाहिजे आणि पोर त्याच्या मांडीवर पाहिजे, म्हणून त्याचं नावच 'मांडीवरचा तास'. अर्शी तो तास चालवते. ती सगळ्यांना म्हणाली, पोरगं घरी काय करतं, काय बोलतं ते लिहून ठेवत जा. मला दाखवायचं नाही, तुमच्यासाठीच. आता आमचं पोरगं बोलतच नाही, तर लिहायचं काय? म्हणून मी माझंच सांगणार आहे.

पोरगं म्हणजे तेजस्वी, मोनाची आणि माझ्या अमरसिंहाची लेक. चैत्रात चार पुरी होतील. डॉक्टरनं कान बघितले, घसा बघितला, सगळं जागच्या जागी आहे म्हणाला. शाळेच्या बाई म्हणाल्या, जूनमध्ये परत आणा. तोवर बोलायला लागली तर लहान गटात घेते, नाहीतर यंदाचं वर्ष घरीच ठेवा आणि मोठ्या डॉक्टरला दाखवा. त्या दिवशी बाईंनी तिला नाव विचारलं, मी सांगितलं. काय आवडतं विचारलं, मी सांगितलं, गूळ-शेंगा. बाई म्हणाल्या, आज्जी, मी तिला विचारते आहे. मी म्हटलं, मग मी तरी कुणाचं सांगते आहे?

घरी तिचं काही अडत नाही. तिनं माठाकडं नुसतं बघितलं की माझ्या हातात तांब्या. पोरीला तोंड उघडायची तसदी मी पडू दिलेली नाही.

शनिवार, २५ जानेवारी

वाचनालयात खाली पेपर वाचायची खोली आहे, तिथं पेन्शनीतली माणसं बसतात. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे म्हणे. ग्रंथपाल हंबीररावांनी ती मला बोट लावून दाखवली. मी म्हटलं, मला वाचता येत नाही, तेव्हा ती मला लागू नाही. हंबीरराव हसले नाहीत, पण मिशी हलली.

पोरांची खोली वर. खिडक्यांना निळे पडदे. दुपारचं ऊन त्यातून आत येतं आणि त्याचं पाणी होतं. पोरं सतरंजीवर, माणसं भिंतीला टेकून, पंखा आपला सावकाश, आणि वाटतं की आपण सगळे रंकाळा तळ्याच्या तळाशी येऊन बसलोय. कारखान्याचा भोंगा झाला तर तो दुसऱ्याच कुठल्या गावचा वाटतो. माझे डोळे जड झाले. पोरांच्या बोलण्याचे बुडबुडे वर जाताना मला दिसत होते, खोटं सांगत नाही.

अर्शी शेवग्याच्या शेंगेसारखी पोरगी. तिनं एक पुस्तक काढलं, त्यात अक्षरच नाही, नुसती चित्रं. मला वाटलं माझ्यासाठीच छापलंय. ती म्हणाली, पोराला चित्र दाखवा आणि थांबा. त्याला बघू द्या. ते काही बोललं तर ऐका, नाही बोललं तरी चालेल. घाई करू नका.

थांबा म्हणजे काय? एसटी थांबली तरी कंडक्टर ओरडत असतो. इथं सगळेच थांबले. खोलीत कुणी काही बोलेना. असला गप्पपणा मला सोसत नाही. चित्रात तळ्याकाठी एक म्हैस उभी होती. मी म्हटलं, ही आमचीच. ही पाण्यात उतरली आणि पाण्यात पडलेलं आभाळ तिच्या पाठीला चिकटून आलं. गोठ्यात आली तर सगळीकडं उजेड. धार काढली तर दुधाऐवजी चांदणं. मालकानं कॅन भरला आणि दूध विकायच्या कट्ट्यावर नेला, तर गिऱ्हाईक म्हणालं, आज पातळ आहे.

सगळी हसली. पोरं माझ्याकडं सरकली. अर्शीही हसली, पण तिनं पुस्तक मिटलं नाही, त्या म्हशीवर तसंच बोट ठेवून बसली.

माझ्या शेजारी बादशहाभाई होते. पत्र्याच्या पेट्या करायचा त्यांचा धंदा. आयुष्यभर हातोड्याचा आवाज ऐकून कान गेले. नातवाला, तोहिदला, घेऊन येतात. मी काही सांगितलं की कानाला हात लावून 'काय?' म्हणतात, आणि तोंडाकडं बघत बसतात. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. गोष्ट आंबते अशानं. तेजू माझ्या मांडीवरून उतरून त्यांच्या गुडघ्याला टेकली. म्हटलं, टेकू दे. ह्यांना ऐकू येत नाही, हिला बोलता येत नाही, जोडी बरी आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

माझं नाव झालं. पोरं मला 'म्हशीवाली आज्जी' म्हणतात. आज खोली भरली होती. हंबीरराव दारात उभे राहून ऐकत होते, खालची पाटी विसरून. आज मी हत्तीचं चित्र घेतलं आणि हत्तीला उसाच्या फडात नेऊन मुकादम केलं. अर्शी मधेच म्हणाली, आज्जी, आता जरा पोरांना विचारू या का. मी म्हटलं, विचार की. तिनं विचारलं, हत्ती कुठं निघालाय? कुणी लगेच बोललं नाही म्हणून मीच सांगितलं.

तेजू खिडकीपाशी पडदा अंगाभोवती गुंडाळून उभी होती. निळी दिसत होती. स्वप्नातली वाटावी अशी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मोना म्हणते की तेजू बोलते. वेणी घालताना, अंघोळीला. म्हटलं, काय बोलते? म्हणे, परवा म्हणाली, 'चांदणं गरम आस्तंय का?' मी म्हटलं, आणि मला कसं ऐकू येत नाही? मोना म्हणाली, 'तुम्ही नसताना बोलते, आत्ती.'

आईला असं वाटणारच. मी काही तिचं मन मोडलं नाही. तरी खात्री करावी म्हणून आज सकाळी दाराआड उभी राहिले. वेणी चालली होती. काहीतरी कुजबुजल्यासारखं झालं. मी तिथूनच म्हटलं, बोल की गं माझ्या राजा, मोठ्यानं बोल. आत गेले तर दोघी गप्प. कुठं काय बोलते?

मोनानं माझ्याकडं कसं बघितलं ते लिहू नको म्हटलं. पण पेन काही थांबलेलं दिसत नाही.

शनिवार, १ मार्च

आज तास सुटल्यावर अर्शीनं मला जिन्यात गाठलं. पदराला धरावं तसं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, 'आज्जी, पुढच्या शनिवारी तुम्ही खाली पेपरच्या खोलीत बसाल का? तेजूला मोनाताईंच्या मांडीवर बसवू.'

मी म्हटलं, का बाई, माझ्या गोष्टी जड झाल्या?

'गोष्टी फार छान असतात. पण त्यात तेजूला जागाच उरत नाही.'

हे असं तोंडावर. एवढंच होतं तर आधी सांगायचं. पुढच्या गोष्टीत तेजूलाच म्हशीवर बसवलं असतं, हत्तीवर बसवलं असतं, जागेला काय तोटा? पण खाली जाऊन बसायचं, पेपरवाल्यांत, मी? ज्या खोलीत पोरं माझ्यासाठी येतात त्या खोलीतून? मी काही बोलले नाही. म्हणजे थोडं बोलले. हंबीररावांना खालपर्यंत ऐकू गेलं.

आम्ही आता जाणार नाही.

शनिवार, २२ मार्च

गेलो नाही. मागच्याही शनिवारी नाही, त्याच्या आधीच्याही नाही.

दुपारी तेजू चप्पल घालून उंबऱ्यावर बसली. उजव्या पायातली डाव्या पायात. उठवली तर उठेना. फिरायचं असेल म्हणून मी तिला देवळापर्यंत नेलं, गूळ दिला, वाटेत मुंगसाची गोष्ट सांगितली. ती चालत होती पण मान मागं वळवून. परत आल्यावर पुन्हा उंबऱ्यावर.

मोना म्हणते, आता वेणी घालतानाही बोलत नाही. बघा, मी म्हणत नव्हते? आधी तरी कुठं बोलत होती. असं मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मला स्वतःलाच बरं वाटलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

आज मोना माझ्याशी बोलली. ती रोज बोलते, पण ते भाजी काय करू, दूध किती ठेवू असं. आज ताट पुढं सरकवलं आणि समोर बसली. म्हणाली, 'आत्ती, शाळेला दोन महिनं ऱ्हायलं. एक शनिवार तुम्ही खाली बसा. एकच.'

मी म्हटलं, आणि वर तिच्याबदली बोलायचं कुणी?

'कुणीच न्हाय.'

एवढंच म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. माझ्या घरात मला असं कुणी बोललेलं नाही. अमरसिंह ताटावर बसला होता, तो मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. बापाचा मुलगा.

हे लिही, म्हटलं मोनाला. तिनं लिहिलं. आता मी काही दिवस काही सांगणार नाही. बघू कुणाचं अडतं.

बुधवार, १६ एप्रिल

माझंच अडलं. आठ-दहा दिवस मी घरात कामापुरतं बोलले. तर काय काय ऐकू येतं! अमरसिंह अंघोळ करताना शीळ घालतो. मोना पीठ मळताना काहीतरी गुणगुणते आणि मी आत गेले की थांबते. गोठ्यात तर सगळी मैफल. आमचे मालक, गणपतराव, म्हशींशी बोलतात. माझ्याशी फक्त मान हलवतात, लग्नापासून. मला वाटायचं, माणूसच तसं.

आज मी गोठ्याच्या दारात पाटावर बसले होते, गप्प. ते धार काढत होते. बादलीत दुधाचा आवाज, आणि तो आवाज ऐकता ऐकता मला गुंगी आल्यासारखं झालं. तेवढ्यात ते म्हशीच्या पोटाकडं तोंड करून म्हणाले, 'मी बी लई उशिरा बोलाय लागलतो.'

मला वाटलं म्हशीला सांगतायत. मग कळलं, मला.

म्हणाले, आई मला देवाला न्यायची, मुका झाला म्हणून. एक दिवस गड्याबरोबर मोट बघत बसलो होतो, तो काही बोलायचा नाही. त्याच्याशीच पहिलं बोललो. काय ते आठवत नाही.

मी म्हटलं, एवढ्या वर्षांत मला कधी सांगितलं न्हाईसा?

'तू इचारलंस की. लग्न झाल्यावर. ल्हानपणी कसं हुता म्हणून.'

मग?

'उत्तर बी तूच दिलंस.'

आणि परत धार काढायला लागले. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी उन्हानं डोळा लागला. सपनात मी गगनबावड्याला, डोंगरातल्या माहेरी. तिथलं धुकं सांगून कळायचं नाही. असं पडतं की आपलाच हात दुसऱ्या कुणाचा वाटतो. म्हशीची घंटा ऐकू येते, म्हैस दिसत नाही. आम्ही पोरं म्हशी घेऊन जायचो तेव्हा एकमेकांना हाळी देत राहायचं, 'कू' करून. ज्याची हाळी थांबली तो हरवला असं धरायचं. म्हणून थांबायचं नाही, कुणीच नाही.

माझा धाकटा भाऊ गुंडू एकदा असा नाहीसा झाला. हे खरंच झालेलं आहे, पण सपनात ते परत झालं. धुकं नुसतं दुधासारखं, आणि मी त्यात उभी राहून हाळी देतेय. कू. कू. गुंडू, कू. घसा सोलला तरी देतेय, कारण मी थांबले तर तो गेलाच. मग धुक्यातून आई आली. काही बोलली नाही. मागून माझ्या तोंडावर हात ठेवला, घट्ट. हाताला ताकाचा आणि शेणाचा वास. मी धडपडले. तिनं सोडलं नाही.

आणि मग ऐकू आलं. बारीक. कू. अगदी जवळून, दहा पावलांवरच्या करवंदीतून. घाबरून मोठ्यानं ओरडता येत नव्हतं त्याला. तो सारखा देत होता म्हणे, मी थांबायची वाट बघत.

जागी झाले तर तोंडापाशी ताकाचा वास होता. मोनानं उशाशी ताकाचा पेला ठेवला होता, खरी गोष्ट तेवढीच असेल.

मोनाला विचारलं, ह्या सपनाचा अर्थ काय असेल गं? तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, शनिवारी ऊन फार असतं, छत्री घेऊन जाऊ.

शनिवार, २६ एप्रिल

खाली बसले.

हंबीररावांनी पंख्याखालची खुर्ची दिली. पेपरची पानं उलटली की वाऱ्यासारखा आवाज येतो, चार म्हातारे मिळून एक झाड असल्यासारखे. वर अर्शीचा आवाज, मग नुसती शांतता. शांतता ऐकू येते हे मला माहीत नव्हतं. जिन्यावरून ती खाली उतरत होती, पाणी उतरावं तशी, एकेक पायरी भिजवत.

मग बादशहाभाईंचं 'काय?' आलं. त्यांचा आवाज मोठा, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. पुन्हा शांतता. 'काय?' पुन्हा शांतता. मग, 'जरा मोठ्यानं सांग, बाळ. मी हाय हितं.'

मी उठले कधी ते मला कळलं नाही. एक पाय पहिल्या पायरीवर होता, हात कठड्यावर. जिभेवर उत्तर तयार. प्रश्न काय तोही माहीत नाही आणि उत्तर तयार. वर पोरं पुष्कळ असतात, बाळ म्हणजे कुणीही असेल. पण ती शांतता कुणाची होती ते मला कळत होतं. चार वर्षं मांडीवर घेतलीय मी ती.

आईचा हात तोंडावर आला. कुणाला दिसला नाही, पण आला. मी पायरीवर बसले.

बादशहाभाई एकदम हसले. 'आसं व्हय,' म्हणाले. 'आणि मग?' आणि मग पुन्हा शांतता, पण ही वेगळी, मधे मधे भोकं असलेली. भोकांतून काय गेलं ते मला खाली ऐकू आलं नाही.

हंबीरराव मधेच वर ऐकायला गेले होते, ते खाली आले. मिशीसकट सगळं तोंड हलत होतं. म्हणाले, चिमणाबाई, तुमची नात... मी म्हटलं, सांगू नका. ते बघतच राहिले. माझ्यासारखीनं बातमी नको म्हणावी, असं त्यांनी आयुष्यात बघितलं नसेल.

मोना तेजूला घेऊन खाली आली. डोळे लाल. म्हणाली, वर धूळ फार आहे. मी म्हटलं, असेल, पडदे झटकत नसतील.

घरी येताना एका बांधकामावर वाळूचा ढीग होता आणि त्यावर मांजर झोपलं होतं. तेजू थांबली. मला ठाऊक होतं की ते मांजर आहे, ते का झोपलंय, कुणाचं आहे, त्याला किती पिल्लं झाली, सगळं ठाऊक होतं. मी काही बोलले नाही. मांजर उठलं, अंग ताणलं, परत झोपलं. तेवढ्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तेजूनं वर माझ्याकडं बघितलं, आज्जीला काही होतंय का म्हणून. मग माझं बोट धरून चालायला लागली.

शनिवार, १० मे

दर शनिवारी खाली बसते. माझ्या गोष्टी पोटात राहून त्रास देतात, म्हणून पेपरवाल्यांना सांगते. आभाळ चिकटलेल्या म्हशीच्या गोष्टीला एका रिटायर्ड मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, उन्हानं. हंबीरराव आता ती पाटी मला दाखवत नाहीत.

अर्शी खाली आली होती. काय झालं वगैरे काही सांगितलं नाही. माझ्याशेजारी नुसती बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. पोरीच्या अंगाला पुस्तकांचा वास येतो. मीही काही विचारलं नाही. शिकतेय.

शनिवार, ३१ मे

खरं सांगायचं तर मला राग येतो.

तेजू बोलते. आता हे सगळ्यांना माहीत आहे. मोनाशी बोलते, बादशहाभाईंशी बोलते, तोहिदशी भांडते म्हणे. काल गोठ्यात आजोबांना काहीतरी सांगत होती, दोघं मिळून रेडकाच्या कानात बघत होते. मी दारात गेले आणि ती थांबली. मी लगेच मागं फिरले, काम आठवल्यासारखं करून. काम कसलं, परक्याच्या घरी आल्यासारखी अंगणात उभी राहिले.

माझ्याशीच नाही. तिला न्हाऊ-माखू मी घातलं, तिचं सगळं बोलणं मी बोलले, आणि आता मी आले की ही गप्प. तिला वाटत असेल की म्हातारी आली, आता आपली गरज नाही.

हे मी आत्ता काय म्हटलं, मोना, परत वाच.

परत वाचलं तिनं. राहू दे तसंच.

मंगळवार, १७ जून

शाळेत बाईंनी बोलावलं होतं. मी फाटकापर्यंत गेले आणि फाटकाबाहेर थांबले. मोना म्हणाली, चला की आत. मी म्हटलं, तू जा, मला इथं सावली बरी आहे. सावली नव्हती तिथं.

फाटकाशी एक बाई आपल्या रडणाऱ्या पोराला चापट मारत होती, एकजण पेरू विकत होता. मी कुणाशी बोलले नाही. पेरूवाला म्हणाला, 'आज्जी, बरं वाटंना व्हय?' मी मान हलवली, आमच्या मालकांसारखी.

त्या बाहेर आल्या. तेजूच्या हातात शाळेचं कसलंसं फूल होतं, कागदाचं. मोना आपणहून सांगू लागली. बाईंनी नाव विचारलं. तेजू गप्प. बाई पुढचं विचारायला लागल्या तर मोना म्हणाली, जरा थांबाल का. बाई थांबल्या. म्हणे इतका वेळ थांबल्या की पलीकडच्या वर्गातली घंटा होऊन गेली. मग तेजूनं नाव सांगितलं, पण इतकं हळू की बाईंना खुर्चीतून उठून खाली वाकावं लागलं. वाकल्यावर तिनं आणखीही बरंच सांगितलं. घेतलं तिला.

वाकू देत. मोठ्या माणसानं थोडं वाकलं तर काय होतंय?

आज माझं एवढंच. उरलेलं पान तू लिही, मोना, तुझं. इतके महिने माझंच लिहितेयस. काय लिहिशील ते मला वाचून दाखवू नको. मी चहा टाकते तवर.

आत्ती आत गेल्या. काय लिहावं ते कळत नाही. लिहायची सवय आहे, सांगायची नाही.

तेजू त्यांच्या मागोमाग गेली, कागदाचं फूल घेऊन. आत पातेलं ठेवल्याचा आवाज आला, गॅस पेटवल्याचा आला. मग तेजूचा आवाज आला. मला वाटलं आता आत्ती बोलतील, म्हणून पेन उचलून बसले. तेजू बोलतेच आहे. मधे थांबते, पुन्हा बोलते. चहा उतू गेल्याचा वास आलाय. आत्तींचा आवाज अजून येत नाही.